सातानंतर नऊ

खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा काकूंनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. ओट्यावर बसून त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाडी हाय का?"

मला वाटलं अंगणात जागा नसेल. मी घाईघाईनं सांगितलं की एक जुनी व्हॅन आहे, पण ती बाहेर रस्त्यावर लावीन, तुम्हाला काही त्रास होणार नाही. त्यावर त्यांनी मागचं सीट निघतं का ते विचारलं. निघतं म्हणालो आणि तेवढ्यावर मला सेलूत खोली मिळाली. माझ्या आधी खोली पाहून गेलेला बँकेतला एक सज्जन मुलगा केवळ मोटारसायकलवाला निघाला म्हणून हाकलला गेला होता, हे मला नंतर कळलं.

मी तेव्हा एका बियाणे कंपनीत होतो. वालूरपासून पेडगावपर्यंत दुकानदारांकडं चकरा मारायच्या आणि संध्याकाळी सेलूला परत, असं माझं आयुष्य. काकू मला नावानं हाक मारत नसत. "ए बियाणं" म्हणायच्या. शेजारच्या खोलीतल्या शिक्षकाला "ए खडू". आम्ही दोघं चांगले तिशीला आलेले पुरुष, पण त्या हाकेसरशी उठून उभे राहायचो.

काकू म्हणजे बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाजानं मात्र चौघींना पुरून उरतील अशा. नवरा कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. थंडी सुरू झाली की त्या नवऱ्याचा खाकी शर्ट लुगड्यावरून चढवायच्या आणि होळीपर्यंत उतरवायच्या नाहीत. लग्नाला गेल्या तरी तोच. कुणाच्या घरी मीठसुद्धा उसनं देणार नाहीत, कुणी रडत आलं तर आधी दोन शिव्या घालतील, मग पाणी देतील. त्यांच्या बाहेरच्या दाराला कडी नव्हती. होती, ती त्यांनीच हातोडीनं उखडून टाकली होती. दोनदा चोरी झाली, पितळी भांडी गेली. काकूंनी स्टीलची भांडी आणली, पण कडी काही बसवली नाही.

आणि त्या आठ म्हणत नसत.

लिंबांची टोपली घेऊन एक बागवान दारावर यायचा. काकू लिंबं मोजून घ्यायच्या, "पाच, सहा, सात, नऊ, धा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं जीभ चुकली. पण भाकरी मोजताना तेच, वाळत घातलेले कपडे मोजताना तेच. गल्लीतल्या पोरांना हा मोठाच खेळ होता. येता-जाता विचारायची, काकू, सातानंतर काय? काकू हाताला लागेल ते फेकून मारायच्या. बागवान मात्र भला माणूस. काकूंचं मोजून झालं की तो न बोलता एक लिंबू वरून पिशवीत टाकायचा. म्हणजे हिशेब बरोबर व्हायचा आणि कुणाला काही बोलावं लागायचं नाही.

दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रुळांपलीकडच्या जिनिंगा सुरू व्हायच्या आणि काकूंच्या अंगात येई. मागची खोली त्या शेणानं सारवून घ्यायच्या. खाटेची दोरी ताणायला मला लावायच्या. जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे उकळून, वाळवून घडी घालून ठेवायच्या. डिंक, खारीक, अळीव आणून डबे भरायच्या. ही खोली कितीही पैसे दिले तरी भाड्यानं मिळत नसे. तिला त्या "माहेरची खोली" म्हणायच्या. मग शर्ट चढवून रूळ ओलांडायच्या आणि एकेका जिनिंगच्या फाटकाशी जाऊन बायकांची पोटं न्याहाळत उभ्या राहायच्या. वॉचमन हटकायचे, मुकादम चिडायचे. काकू त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करून आत जायच्या.

जिनिंगवर कामाला येणारी माणसं लांबची. उत्तरेकडची, सातपुड्याच्या अंगाची. त्यातल्या पुष्कळांची गावं धरणाच्या पाण्यात गेलेली. कुणाला बदली जमीन मिळाली, कुणाला नुसताच कागद. हिवाळ्यात जिनिंग, उन्हाळ्यात वीटभट्टी, पावसाळ्यात जिथं पाल पडेल तिथं, असं त्यांचं चाललेलं. कारखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांत राहायची. बाई पोटुशी असली तरी कापसातला कचरा वेचत बसायची. कुठल्याच गावची न राहिल्यानं कुठल्याच गावची नर्स तिच्याकडं फिरकायची नाही, आणि ही बाई तरी कुणाचं दार ठोठावणार? आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. त्यांच्यातही तसंच. पण माहेर पाण्याखाली.

काकू अशा बायकांना हाताला धरून घरी आणायच्या. नवऱ्यानं मात्र दारात येऊन रीतसर विचारावं, असा त्यांचा हट्ट होता. तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा राहायचा आणि काकू त्याला अर्धा तास झापायच्या, पोरीच्या अंगावर रक्त न्हाई, तू काय खायला घालायलास तिला, म्हणून. मग दिवस भरत आले की माझी व्हॅन. सीझनभर घरी आलो की किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगायची, ही भाड्याची अट होती.

दवाखान्यात सोबत कोण म्हणून विचारलं की काकू पुढं व्हायच्या, "मपली लेक हाय." एकदा एका नर्सबाईंनी हसून म्हटलं, आजी, गेल्या महिन्यातही तुमचीच लेक होती, तुम्हाला आहेत तरी किती लेकी? काकू म्हणाल्या, "माझं पोट. तुला काय करायचंय?" नर्सबाईंनी त्या पोरीला आत घेतलं.

एका दुपारी मी जेवून ओट्यावर बसलो होतो. काकू खुशीत दिसत होत्या, आदल्याच दिवशी एक बाळंतीण सुखरूप मोकळी झाली होती. मी गंमत म्हणून म्हटलं, काकू, एकदा आठाचा पाढा म्हणून दाखवा, पुढच्या महिन्याचं भाडं आगाऊ देतो. मला वाटलं चप्पल येईल. चप्पल आली नाही. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या, आणि त्या आवाजाला न शोभेल इतक्या हळू बोलू लागल्या.

फिटर गेल्यावर काकू जिनिंगच्या ऑफिसात जेवणाचे डबे द्यायच्या. तिथं एक पोरगी होती, अशीच लांबून आलेली, सतरा-अठराची. रोज डबा घ्यायला फाटकापर्यंत यायची. केसात सदा कापूस अडकलेला, तो काकू काढायच्या. एकदा तिनं विचारलं, माई, माझं गाव पाण्यात गेलं, बाळंतपणाला तुझ्याकडं येऊ का? काकू ये म्हणाल्या. त्यांना आयुष्यात कुणी तसं विचारलंच नव्हतं. आणि एक दिवस ती पोरगी खरंच आली. काखेत गाठोडं, दारात उभी. काकूंनी विचारलं, कितवा? ती म्हणाली, आठवा.

आमच्याकडं आठव्यात गर्भारणीनं वेस ओलांडायची नाही असं म्हणतात. सातव्यात आणावं नाहीतर नववा लागू द्यावा. आठवा घातकी. काकूंच्या आईनं पाळलं होतं, सासूनं पाळलं होतं. पोरगी तर रूळ ओलांडून आलीच होती, पण उंबरा अजून ओलांडला नव्हता. काकूंनी तिला दारातूनच परत लावलं. नववा लागला की मी सोता येते न्यायला, म्हणाल्या. पोरगी मान हलवून, गाठोडं घेऊन आल्या वाटेनं गेली.

"चौथ्या का पाचव्या रोजी कळलं," काकू म्हणाल्या. "ढिगाआड बाळंत झाली. लेकरू मेलेलं. रगत थांबंना. बायांनी हाताला आला तो कापूस लावला." तांदळातला एक खडा काढून त्यांनी अंगणात फेकला. "लय कापूस लागला, बाबा."

त्या संध्याकाळी मी गल्लीतल्या पोरांना गोळा करून दम दिला, आणि शेजारच्या खडूनं पोरांच्या आईबापांना दिला.

काकूंचा हिशेब आता मला कळला. त्या बायकांना कितवा म्हणून कधीच विचारत नसत. विचारायचा प्रश्न एकच, "जेवलीस का?" मग गाठोडं स्वतःच्या काखेत मारून चालू लागायच्या. कडी का उखडली तेही कळलं. आठव्यानं आपली लेक नेली म्हणून तो आकडाच त्यांनी घरातून हद्दपार केला होता. वेडेपणा म्हणा हवं तर. मला तो वेडेपणा वाटत नव्हता.

मी सेलूत होतो त्या शेवटच्या हिवाळ्यात एक दिवस काकू जिनिंगवरून लवकर परत आल्या. शिव्या नाहीत, हाका नाहीत. खाकी शर्टाची बटणं काढत-घालत बसल्या. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिची माय आलीया."

त्या मेलेल्या पोरीची आई. इतकी वर्षं ती टोळी इतर गावच्या जिनिंगांवर जात होती, यंदा मुकादमानं पुन्हा इथं आणली होती. आणि सोबत धाकटी लेक होती, तीही पोटुशी. काकूंनी लांबूनच पाहिलं होतं की पोरीचे पाय सुजलेत, तोंडही सुजलंय. हे लक्षण चांगलं नाही, हिला डॉक्टरला दाखवलंच पाहिजे, हे त्यांना इतक्या बाळंतपणांनंतर कळत होतं. त्या पुढं झाल्या तर आईनं लेकीला मागं ओढलं आणि सगळ्या बायकांसमोर एवढंच म्हणाली की तुझ्या दारातून माझी एक परत आली, दुसरी पाठवत नाही.

मी मुकादमाला भेटलो. तो म्हणाला, साहेब, त्यांच्या घरची बाब आहे, मी कशाला मध्ये पडू? शिवाय बाई गेली की एक हात कमी. मी पोरीच्या नवऱ्याला गाठलं. तो पोरगेला, सासूकडं बोट दाखवून मोकळा झाला. गावातल्या एका नर्सबाईंना काकूंनी विनवून तिथं नेलं, तर आईनं त्यांनाही काकूंच्या बाजूच्या म्हणून खोलीत येऊ दिलं नाही. तिचं तरी काय चुकलं, असं माझ्या मनात यायचं आणि मी चरफडायचो. लेक दारातून परत आलेली तिनं पाहिली होती, तो कापूस तिनंच लावला होता.

काकू रोज जायच्या. फाटकाबाहेर कापसाच्या गठाणी भरायला ट्रक उभे राहतात, त्यांच्या सावलीला बसायच्या. डिंकाच्या लाडवांचा डबा आत पाठवायच्या, तो जसाच्या तसा परत यायचा. अख्ख्या जगाला झापणारी ही बाई त्या एका बाईपुढं चकार शब्द काढत नव्हती. मला याचीच भीती वाटायची. एकदा मी चिडून म्हटलं, काकू, तुम्ही तिला चार शिव्या तरी घाला. त्या म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं?"

असे दिवस चालले असताना एका दुपारी जिनिंगचा वॉचमन सायकल मारत आला. धाकटीला झटका आला होता. मी नशिबानं घरीच होतो. काकू पायातल्या चपला विसरून गाडीत बसल्या.

पत्र्याच्या खोलीसमोर बायकांची गर्दी. पोरगी जमिनीवर, दात घट्ट बसलेले, तोंडाला फेस. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. आम्हाला पाहून तिनं पोरीला आणखीच कवटाळलं आणि नको म्हणून मान हलवली. मला वाटलं आता काकू तिला ढकलून पोरीला उचलतील. काकू होत्या तिथंच थांबल्या. हात जोडले. म्हणाल्या, "मी येत न्हाई. मी हितंच बसते, वाटल्यास मला बांधून घाल. पोरगी त्याच्या गाडीत घाल. तो नेतो."

आई काकूंकडं बघत राहिली. काकूंचे पाय धुळीनं माखलेले, अंगावर तो फिटरचा शर्ट. मग तिनं लेकीच्या खांद्याखाली हात घातला आणि काकूंना म्हणाली, "पाय धर."

मागचं सीट काढलेलंच होतं. पहिल्या दवाखान्यात रक्तदाब बघितला, एक सुई दिली आणि इथं काही होणार नाही, परभणी गाठा म्हणाले. आधी कुठं दाखवलं होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आई लेकीचा पदर नीट करत राहिली. मी आयुष्यात इतकी वाईट गाडी चालवली नसेल. पेडगाव मागं पडलं तेव्हा पोरीला पुन्हा झटका आला. मागं दोघी म्हाताऱ्या तिला दोन बाजूंनी धरून होत्या. एकीच्या तोंडी तिच्या देवाचं नाव, दुसरीच्या तोंडी तिच्या. आरशात बघायचं धाडस मला झालं नाही.

परभणीला पोरगी वाचली. पोटातलं गेलं, मुलगा होता. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की आणखी थोडा उशीर झाला असता तर तीही हाताला लागली नसती. चार दिवस आधी आणायला काय झालं होतं, असंही त्या म्हणाल्या. दोघी बायका खाली माना घालून ऐकून घेत राहिल्या.

मी चहा आणला. व्हरांड्यात भिंतीला टेकून दोघी शेजारी बसल्या होत्या. मला तिथं उभं राहवत नव्हतं आणि निघून जावंसंही वाटत नव्हतं. काकूंनी चहाला हात लावला नाही. पोरीच्या आईकडं वळून म्हणाल्या, "तुझी थोरली मी परत लावली. आठवा म्हणली, म्हणून लावली. मला रीत पडली मोठी. मपल्या हातानं मारली मी तिला. तुला बोलायचंय ते बोल."

ती बाई इतक्या वर्षांच्या हिंडण्यानं मराठी बोलायची, थोडी मोडकी, पण बोलायची. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरलेला मला दिसत होता. लेक जिवंत होती, त्या लेकीचे पाय काकूंनी मांडीवर धरून आणले होते. तिला आता काकूंच्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. तिनं काकूंचा हात हातात घेतला.

"माई," ती म्हणाली, "आठवा नव्हता. नववा लागला होता. नववा सांगितला की मुकादम कामावरून काढतो. मीच तिला सांगितलं होतं, कुणीबी विचारलं तर एक महिना कमी सांग. तिनं तुला पण तसंच सांगितलं. तुझा दोष नाही. माझा आहे."

काकूंनी हात सोडवून घेतला नाही. त्या नुसत्या तिच्याकडं बघत होत्या, ऐकू न आल्यासारख्या. त्या बाईला वाटलं कळलं नसेल, म्हणून तिनं पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.

नववा लागला होता. म्हणजे काकूंच्या आईच्या, सासूच्या, त्यांच्या स्वतःच्या रीतीनंसुद्धा त्या पोरीला घरात घ्यायला हवं होतं. ती वेळेवर आली होती. माहेरी यायची जी वेळ असते, त्याच वेळेला काखेत गाठोडं घेऊन ती दारात उभी होती. आणि काकू इतकी वर्षं एका निरपराध आकड्याला शिक्षा देत बसल्या होत्या. त्या बाईचा मला संतापही आला आणि तिच्याइतकी दुःखी बाई मी पाहिली नव्हती हेही खरं.

धाकटीला दवाखान्यातून सोडल्यावर काकूंनी दोघींना माहेरच्या खोलीत आणलं. पोरीला न्हाऊ-माखू घातलं, शेक दिला, पान्ह्यानं भरलेले स्तन दुखायचे म्हणून पानं गरम करून बांधली. मूल नसलेलं बाळंतपण त्यांनी मुलाच्या बाळंतपणासारखंच केलं. जाताना ओटी भरली. आई काकूंच्या गळ्यात पडून रडली. काकू रडल्या नाहीत आणि पोरीच्या नवऱ्याला झापलंही नाही. टोळी वीटभट्टीकडं निघून गेली.

त्यानंतर लवकरच माझी बदली झाली. पुढच्या वर्षी काकू गेल्या. पुतण्यानं घर विकलं, नव्या मालकानं पहिल्या आठवड्यात दाराला कडी बसवली, असं खडूनं फोनवर सांगितलं. जिनिंगा चालूच आहेत, बायका येतातच. आता त्यांना न्यायला फाटकाशी कोण जातं, हे मी त्याला विचारलं, तर त्यानं शाळेचं काहीतरी बोलायला काढलं.

पण मला काकू आठवतात त्या टोळी गेली त्या सकाळच्या. बागवान नेहमीसारखा दारात आला, टोपली उतरवली. काकू ओट्यावर उकिडव्या बसल्या आणि एकेक लिंबू उचलून पिशवीत टाकू लागल्या. पाच. सहा. सात. बागवानानं सवयीप्रमाणं वरचं लिंबू हातात तयार ठेवलं होतं.

"आठ," काकू म्हणाल्या.

बागवानानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. काकूंनी पुढचं लिंबू उचललं. ते हातात तसंच राहिलं. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. बागवानानं हातातलं लिंबू टोपलीत परत ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "काकू, आगे बोलो."

काकूंनी पिशवी टोपलीत उलटी केली आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी आम्ही लिंबं घेतली नाहीत.